भाड्याच्या सॉन्डचा डीओ दर वेळी का चुकतो

नदी-तलावांच्या पाण्याच्या कामासाठी आजवर मी सात-आठ वेळा मल्टिपॅरामीटर सॉन्ड, म्हणजे पाण्यात सोडून मोजायचे यंत्र, भाड्याने आणला. एकाच दांड्यात तापमान, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), पीएच, कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज), टर्बिडिटी (गढूळपणा) असे पाच-सहा सेन्सर. विकत घेणे आमच्यासारख्या दोन माणसांच्या कामाला झेपत नाही, आणि घेतला तरी वर्षातले तीन-चार आठवडे सोडले तर तो कपाटातच पडून राहणार. म्हणून भाडे. आणि जवळजवळ दर वेळी तेच रडगाणे: पहिल्या दिवशी सगळे ठीक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डीओ प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळेना. मग पुरवठादाराला फोन, आणि त्याचे ठरलेले उत्तर: "सर, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बॉक्समध्येच आहे."

कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या मापाशी यंत्राचा आकडा जुळवणे. त्याचे सर्टिफिकेट असतेच. त्यावर शिक्का असतो, सही असते आणि दीड महिन्यापूर्वीची तारीख असते. मधल्या काळात तो दांडा कुणाच्या तरी सांडपाण्याच्या टाकीत आठवडाभर लोंबकळून आला असेल, तर त्याची नोंद कुठेच नसते. दोनदा मी भांडून यंत्र बदलून घेतले. दुसऱ्या खेपेला बदलून आलेल्या यंत्रानेही तोच आकडा दाखवला, तेव्हा मात्र ओशाळलो. तेव्हापासून दोष शोधायचा एक क्रम ठरवून घेतला आहे. ज्यांच्या हाती पहिल्यांदाच अशी पेटी येते आहे, त्यांच्यासाठी तो लिहून ठेवतो.

(नावाबद्दल एक गंमत. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडीवाल्या मामांनी विचारले होते, "साहेब, ही तुमची सोंड किती खाली सोडू?" त्या दिवसापासून आमच्याकडे ती सोंडच आहे. खाली मात्र सॉन्ड लिहितो, नाहीतर पुरवठादाराला कळायचे नाही.)

आधी वाचा, मग कॅलिब्रेट करा

पेटी आली की हात शिवशिवतात. बफरच्या (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांच्या) बाटल्या मांडून लगेच कॅलिब्रेशन सुरू. पहिली चूक इथेच होते. एकदा ते बटण दाबले की यंत्र कोणत्या अवस्थेत आपल्याकडे आले हे पुसले जाते, आणि उद्या डिपॉझिटवरून वाद झाला तर हातात काही उरत नाही. मी आता पेटी उघडतानाच फोटो काढतो: केबलच्या पिना, सेन्सरची टोके, कॅलिब्रेशन कप (सेन्सरवर बसणारे झाकणाचे भांडे). मग सॉन्ड नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडून तापमान साध्या काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहतो, कारण बाकीचे सगळे सेन्सर तापमानावर विसंबून आपले गणित करतात. मग पीएच ७ आणि ४ चे बफर, मग कंडक्टिव्हिटीचे १४१३ (मायक्रोसीमेन्स) चे द्रावण. नुसते वाचायचे आणि वहीत टिपायचे. अर्धा तास जातो.

मागच्या खेपेला कप उघडला तर आत थेंबभर पाणी नव्हते. तळाचा स्पंज पापडासारखा कडक. पीएचच्या काचेच्या गोळीवर मिठाची पांढरी पुटे. डीओची टोपी कोरडी ठणठणीत. ही टोपी म्हणजेच सगळी गोम. ऑप्टिकल डीओ सेन्सर टोपीच्या आतल्या रंगावर निळा प्रकाश टाकतो, रंग लालसर चमकतो, आणि पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. विझण्याच्या वेळेवरून आकडा ठरतो. टोपी सुकलेली असेल तर ती ओलावा धरत जाईल तसा आकडा पुढचे बरेच तास हळूहळू सरकत राहतो. आपण नेमके त्याच तासांत कॅलिब्रेट करतो, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राला शिव्या घालतो.

उपाय एकच: टोपी २४ तास पाण्यात भिजू द्या. पीएचची गोळी पीएच ४ च्या बफरमध्ये ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात नको. म्हणजे भाड्याचा पहिला दिवस नदीवर जाण्याचा नाहीच. कुरियरचे दिवस आणि हा भिजवणीचा दिवस भाड्यात धरणार का, हे ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्यावे. पेटी आल्यावर विचारले की उत्तर बदलते.

टोपीचा आणखी एक घोळ आहे. काही मॉडेलमध्ये प्रत्येक टोपीचे स्वतःचे गुणांक असतात, टोपी बदलली की ते यंत्रात भरावे लागतात. भाड्याच्या यंत्राची टोपी कुणी कधी बदलली हे आपल्याला माहीत नसते. जुनेच गुणांक राहिले असतील तर यंत्र १०० टक्क्यांना (पाण्यात मावेल तेवढा सगळा ऑक्सिजन) गुमान कॅलिब्रेट होते आणि खालच्या आकड्यांना दगा देते. म्हणून शून्याची परीक्षा घ्या. पेलाभर पाण्यात सोडियम सल्फाइट विरघळवा, ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. त्यात काही मिनिटांनी डीओ शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. अर्ध्या मिलिग्रॅमवर अडून बसला तर टोपी किंवा गुणांक, दोहोंपैकी एकात खोट आहे. हा मात्र पुरवठादाराचा प्रश्न. खुशाल फोन करा. नंतर सेन्सर भरपूर पाण्याने धुवायला विसरू नका.

हवेचा दाब

मला सगळ्यात जास्त छळले ते याने.

समुद्रसपाटीला, २५ अंश तापमानाला, हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे पाऱ्याचे ७१२ मिलिमीटर. त्या दाबाला तोच आकडा ७.७ वर येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर उभे राहाल तर ७ च्या घरात.

यातून दोन वेगवेगळ्या भानगडी निघतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली भानगड म्हणजे नुसता गैरसमज. मुंबईत नीट कॅलिब्रेट केलेला सॉन्ड पुण्यात दमट हवेत धरला आणि पडद्यावर ९४ टक्के आले, तर काहीही बिघडलेले नाही. तो समुद्रसपाटीच्या हिशेबाने टक्के सांगतो आहे. त्याचा मिलिग्रॅमचा आकडा बरोबर असतो. बऱ्याच हँडसेटमध्ये (सॉन्डला जोडायचा हातातला पडदा) 'लोकल' टक्क्यांचा पर्याय असतो, तो निवडला की तेच यंत्र १०० दाखवते. मी पहिले यंत्र परत केले ते यासाठी, हे लिहितानाही संकोच वाटतो.

दुसरी भानगड खरी चूक आहे. काही सॉन्डमध्ये दाबमापक नसतो, तो हँडसेटमध्ये असतो. आणि भाडे वाचवायला आपण हँडसेट न घेता लॅपटॉपला केबल जोडतो. मग सॉफ्टवेअर विचारते, हवेचा दाब किती? आपण मोबाइल काढतो. हवामानाचे ॲप पुण्याला १०१० सांगते. तो आकडा खोटा नसतो, पण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो; तसे केले नाही तर नकाशावर पुणे आणि मुंबई शेजारी ठेवताच येणार नाहीत. तो आकडा कॅलिब्रेशनमध्ये भरला की पुढचा सगळा डीओ ६ टक्क्यांनी फुगतो.

६ टक्क्यांनी काय होते? खरा डीओ ३.८ असेल तर पडद्यावर ४ उमटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरानुसार केलेल्या वर्गवारीत 'डी' वर्गाला, म्हणजे वन्यजीव आणि मत्स्यपालनाच्या पाण्याला, डीओ किमान ४ मिलिग्रॅम हवा. मोबाइलवरच्या एका आकड्याने नदीचा तो तुकडा कागदावर पास झाला.

दाबमापक नसेल तर उंचीवरून अंदाज काढा: आपल्या भागातल्या उंचीला समुद्रसपाटीच्या आकड्यातून दर १०० मीटरला साडेअकरा हेक्टोपास्कलच्या आसपास वजा. काही मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, त्याचा कच्चा आकडा दाखवणारे ॲप वेगळे मिळते, तेही चालते. मग १०० टक्क्यांचे कॅलिब्रेशन: कपात बोटभर पाणी, सेन्सर पाण्याला न टेकता वर, टोपीवर थेंब नाही, झाकण अर्धा आटा सैल, सावलीत १५ मिनिटे. झाकण घट्ट आवळले की आत दाब कोंडतो, तेही एक. आणि गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर कॅलिब्रेशन करणारे मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

कधी कधी यंत्रच बरोबर असते

उजनीचीच गोष्ट. मार्च संपत आला होता. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर फुगवट्यातले पाणी हिरवे धम्मक. पहाटे पावणेसहाला मामांनी होडी थांबवली, सोंड एक मीटर खाली सोडली: डीओ २.१. दुपारी साडेतीनला त्याच जागी १२.४, म्हणजे तिथल्या दाबाला १७० टक्क्यांच्या वर. शंभराच्या वर डीओ कसा जाईल, म्हणून सोबतच्या मुलाने सॉन्ड बाहेर काढून पुन्हा कॅलिब्रेट करायला घेतला. मी त्याचा हात धरला, कारण तोवर माझे हात पोळून झाले होते.

हिरव्या पाण्यात हे घडतेच. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते आणि पाणी शंभराच्या पार जाते. रात्रभर तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू तो ऑक्सिजन वापरतात, आणि पहाटे तळ गाठला जातो. मामांना यात नवल वाटले नाही. ते चिलापी माशांबद्दल म्हणाले, "सकाळच्याला चिलापी वर येऊन तोंडं वासतीय, दुपारी कुठं दिसतीय का बघा."

खात्री करायची तर विंकलर, म्हणजे रसायने घालून डीओ मोजायची जुनी पद्धत. ३०० मिलिलिटरच्या बुचाच्या बाटलीत बुडबुडा न येता पाणी भरायचे, मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून बूच लावून उलटसुलट करायचे. पहाटेच्या बाटलीत गाळ बसला तो सायीच्या रंगाचा, किंचित पिवळट. दुपारच्या बाटलीत गुळाच्या काकवीसारखा गडद तपकिरी. रंग पाहूनच मुलगा गप्प झाला. गाळ पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही, जितका तपकिरी तितका जास्त. पुढे ॲसिड घालून गाळ विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालणे. २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतले तर जितके मिलिलिटर लागतील तितके मिलिग्रॅम, आकडेमोडही नको. स्टार्चचा निळा रंग गेला तेव्हा ब्युरेट (मापाची काचनळी) १२.१ वर होती.

आणि इथेच माझ्या जुन्या भांडणाचा उलगडा झाला. आधीच्या कामांत आम्ही बाटल्या नुसत्या भरून, बूच लावून, बर्फात ठेवून संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचवत असू. पहिली दोन रसायने तिथल्या तिथे घातलीच नाहीत तर बाटलीच्या अंधारात शेवाळ श्वास घेतच राहते, आणि संध्याकाळी मोजला जातो तो उरलेला ऑक्सिजन. बर्फाने वेग कमी होतो, थांबत नाही. सॉन्ड ७ म्हणायचा, प्रयोगशाळा साडेपाच, आणि आम्ही भाड्याच्या यंत्राला दोष द्यायचो, कारण प्रयोगशाळेचा कागद लेटरहेडवर असतो. डीओच्या बाटलीत पहिली दोन रसायने होडीतच पडली पाहिजेत. प्रयोगशाळेकडून ती आधी मागून घ्या, बहुतेक जण देतात.

कंडक्टिव्हिटीचा बुडबुडा

कंडक्टिव्हिटी बिघडली की डीओही बिघडतो, हे पटकन लक्षात येत नाही. खारट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना ८.२६ ऐवजी सुमारे ६.७. सॉन्ड ही दुरुस्ती कंडक्टिव्हिटीवरून आपोआप करतो. सेन्सरच्या खाचेत हवेचा बुडबुडा अडकला तर पाणी आहे त्यापेक्षा गोडे दिसते आणि डीओ फुकटचा वाढतो. नदीत हा फरक नगण्य, ठाण्याच्या खाडीत किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीमुखाशी ठसठशीत. पाण्यात सोडल्यावर दांडा दोन-तीनदा वर-खाली झटकला की बुडबुडा निघतो. एवढेच.

बाकी १४१३ च्या द्रावणात १६०० दिसले म्हणून घाबरू नका. बाटली गाडीत ३२ अंशांना तापली असेल आणि पडद्यावर तापमानाची दुरुस्ती न केलेली कंडक्टिव्हिटी निवडलेली असेल तर तेवढेच यायला हवे. २५ अंशांना आणलेला आकडा निवडा. आणि १.४१३ दिसत असेल तर एकक मिलिसीमेन्स आहे; आधीच्या भाडेकरूची कृपा.

चौथ्या दिवसापासून

सॉन्ड एका जागी बांधून ठेवायचा असेल तर खरा शत्रू म्हणजे सेन्सरवर धरणारा शेवाळाचा नि मळाचा थर. उजनीत तराफ्याला बांधलेला सॉन्ड सहाव्या दिवशी वर काढला तेव्हा गार्डवर (सेन्सरभोवतीच्या जाळीवर) हिरवी लव होती आणि सेन्सर पुसणाऱ्या वायपरच्या ब्रशला बोटभर लांब शेवाळाचे केस. टर्बिडिटीच्या आलेखात तिसऱ्या दिवसापासून सुळके दिसत होते ते या केसांचे: ब्रश थांबायचा आणि केस भिंगासमोर डुलायचे. डीओच्या टोपीवर शेवाळ धरले की ती टोपी पाण्याचा नाही, आपल्या अंगावरच्या हिरवळीचा ऑक्सिजन मोजते, त्यामुळे दुपार आणखी चढी, पहाट आणखी उतरती. सांडपाण्याच्या ओढ्यात शेवाळाऐवजी बुळबुळीत थर येतो, आणि मग आकडा दिवसरात्र खालीच ओढला जातो.

इथे घाईने सगळे पुसून काढू नका. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची एक जुनी शिस्त आहे, ती मी आता पाळतो. त्याच पाण्याची बादली सावलीत घ्या. मळका सॉन्ड तसाच बादलीत ठेवून वाचा. मग स्वच्छ करून त्याच बादलीत पुन्हा वाचा. दोन्हींतला फरक मळाचा. त्यानंतर बफर आणि १४१३ सारख्या ठरलेल्या द्रावणांत वाचा. तिथे जो फरक निघेल तो सेन्सरचा आकडाच सरकल्याचा. दोन्ही वेगळे हातात आले की मागच्या सहा दिवसांचा आलेख प्रामाणिकपणे दुरुस्त करता येतो. आधीच पुसून कॅलिब्रेट केले तर सहा दिवसांचे भाडे पाण्यात. साफ करायला मऊ टूथब्रश आणि भांड्यांचा पातळ साबण पुरतो. डीओच्या टोपीला स्पिरिट अजिबात लावायचे नाही, रंगाचा थर खराब होतो. ती ओल्या मऊ फडक्याने पुसायची.

उन्हाळ्यात मी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त विश्वास ठेवत नाही. गार्डला तांब्याची पट्टी गुंडाळली तर दोन-तीन दिवस वाढतात, पण भाड्याच्या यंत्राला काही चिकटवण्याआधी मालकाला विचारा.

पीएचबद्दल थोडक्यात. मिलिव्होल्ट, म्हणजे सेन्सरचा कच्चा आकडा, पाहायला शिका. ७ च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास, आणि ४ च्या बफरमध्ये त्याहून साधारण १७७ ने वर. हे अंतर १६० च्या खाली आले असेल किंवा आकडा स्थिरावायला दोन मिनिटांच्या वर लागत असतील तर सेन्सर म्हातारा झाला आहे. कॅलिब्रेशनचे बटण दाबले की यंत्र ते झाकून टाकेल, म्हणून पेटी आल्याच दिवशी पाहायचे. अमोनियमचा सेन्सर भाड्यात फुकट मिळाला तरी मी अहवालात घेत नाही: त्याचे आयुष्य काही महिन्यांचे, पोटॅशियमने तो फसतो, आणि खारट पाण्यात तर चालतच नाही.

परत पाठवताना

परतीच्या आदल्या दिवशी पहिल्या दिवसाचीच वाचने पुन्हा करा, त्याच बाटल्यांतून, कॅलिब्रेट न करता. वहीचे ते पान आणि फोटो पुरवठादाराला पेटी निघण्याआधी पाठवा. एकदा माझ्या डिपॉझिटमधून पीएच सेन्सरचे पैसे कापले होते. पेटी आली त्याच दिवशीचा १५२ मिलिव्होल्टचा फोटो पाठवल्यावर ते मुकाट परत आले. लॉगरमधली (सॉन्डच्या आत साठलेली) माहिती उतरवून घ्या आणि मगच पुसा. मला एकदा आधीच्या माणसाची कुठल्याशा कारखान्याच्या नाल्याची तीन आठवड्यांची नोंद जशीच्या तशी मिळाली होती. कपात चमचाभर नळाचे पाणी घालून झाकण लावा, म्हणजे पुढच्याला टोपी ओली मिळेल. बॅटऱ्या काढून वेगळ्या पिशवीत. नव्या घातल्या असतील तर त्या आपल्याच, टॉर्चला होतात.